अवनीची ओटी

—अगं, चपला बाहेर नको, आत घे. त्या ढिगात एकदा मिसळल्या ना, की पुण्यालाच जातील तुझ्या! बघितलास ढीग? सगळं सासर आलंय माझं. तळ्याकाठचं घर, तळ्याकाठचं घर म्हणून हौसेनं बोलावलं मी — आणि तळं बघायला मलाच वेळ नाही. काल सकाळी निशिकांत भावजी, माझे थोरले दीर, पंचा नेसून कॉन्डोच्या स्विमिंग पूलमध्ये उभे — सूर्याला अर्घ्य देतायत! सिक्युरिटीवाला वर आला, "मॅडम, युवर अंकल." मी म्हटलं, नॉट माय अंकल! — हस, हस, मीसुद्धा लिफ्टमध्ये पोट धरून हसले. बस ना. पुरुषमंडळी आणि पोरं गेलीत तळ्यावर घोरपडी बघायला, बायका आतल्या खोलीत आहेत. हळू बोल मात्र, आमच्या वहिनींचे कान फार तिखट.

तर तुला का बोलावलं — पाच मिनिटांचं काम आहे गं गार्गी. माझ्या सुनेची, अवनीची ओटी भरायची. सातवा लागलाय तिला. तयारी सगळी मी केलीय, तू फक्त पदरात घालायची. हे तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी — आणि हा नारळ बघ! इथल्या सुपरमार्केटात मिळतात ते गुळगुळीत, टकले. ह्या शेंडीवाल्यासाठी टेक्का मार्केटला, आपल्या लोकांच्या बाजारात, दोन खेपा घातल्या मी. बिनशेंडीचा कसा चालेल? नारळाला शेंडी हवी, आणि भरणारीच्या गळ्यात मंगळसूत्र हवं. ते तुझ्या आहे. झालं तर मग.

मी का नाही? अगं, नवरा गेला ना माझा, शिरीष, दोन वर्षं झाली. तू नवीन इथे, तुला कुठून ठाऊक असणार — नाही नाही, सॉरीबिरी काही नको, तो काय तुझ्यामुळे गेला? आणि मला कुणी नको म्हटलं असंही नाही हं. मधुवंतीवहिनी, म्हणजे थोरल्या जाऊबाई, फार गोड. काल गोडच बोलल्या — "साधना, ओटी मी भरते हो, तू बस निवांत." बस निवांत! तीन दिवस ह्यांच्या पोळ्या लाटतेय, तेव्हा नाही कुणी म्हणालं बस निवांत. माझ्या हातच्या पोळ्या चालतात, माझ्या हातचे तांदूळ तेवढे चालत नाहीत. मग मीही म्हटलं, "तुम्ही कशाला त्रास घेता वहिनी, मी सांगून ठेवलंय एकीला." कुणाला सांगितलं होतं? डोंबल! कुणालाच नाही. मग आठवलीस तू — खालच्या मजल्यावरची, लिफ्टमध्ये दोनदा बोललेली. रागानं केलं, खोटं कशाला बोलू. परकीच्या हातून चालेल, पण त्यांच्या हातून नको.

ही? ही साडी पण ओटीतलीच. रंग बघ — पोपटी! शिरीषची पसंती. मुलगा माझा, राजस, तेव्हा एनएसला, ते इथल्या मुलांना सक्तीचं असतं ना लष्करात, तिथे होता. डोकं भादरलेलं पोर, लग्नाचा पत्ता नाही — आणि हा बाबा पुण्याहून सुनेसाठी साडी घेऊन आला. मी म्हटलं, असला रंग कोण नेसेल? तर म्हणाला, ठेव गं, तिची ओटी भरशील तेव्हा दे. तू भरशील तेव्हा, म्हणाला. आपण नसू हे त्याच्या डोक्यातच नाही, आणि माझ्या तरी कुठे होतं? अवनीला दाखवली काल, तर म्हणते, सो नाइस आई, लाइक पॅरट!

नको, पाणी नको. येतंय रडू तर येऊ दे. मला भरायची होती गं ओटी. झालं, बोलले.

— आले, आले गं अवनी! — ऐकलंस काय म्हणाली? "आई, वाय सो लाँग? यू डू लाह! कॅन!" इथेच सेंगकांगला वाढलेली पोर ती, मराठी कळतं सगळं, पण तोंड उघडलं की हे असं. कालसुद्धा म्हणाली, यू डू. मीच म्हटलं, तसं नसतं गं राणी. व्हाय, म्हणाली. आता काय सांगू व्हाय? तू सांग, का नसतं तसं? वहिनींना येत असेल सांगता. सांगू देत मग त्यांना, सगळ्यांसमोर सांगू देत.

दे तो नारळ इकडे. साडी पण दे. नाही, तू नको येऊस आत — अगं, रागावले नाहीये मी, तू आलीस फार बरं झालं. एक वाजता जेवायला ये, मिस्टरांनाही आण, पुरणपोळी आहे. पण आत्ता जा तू. जाताना दार ओढून घे तेवढं. — अवनी, पदर पसर गं, मी येतेय.