मयूरच्या खुणा पुसल्या तेव्हा

माझं माहेर माझगावचं, बाप गोदीत कामाला, आणि लग्न होऊन आले ती वरळीच्या कोळीवाड्यात. घरात बोट होती, आधी सासऱ्यांची, मग आमच्या ह्यांची. हे मासे आणायचे, मी दादरच्या बाजारात पाटी घेऊन बसायची, अजून बसते. थोरली प्रिया, तिच्या पाठीवर मयूर. मयूर कसा होता काय सांगू तुम्हाला, बोट पाण्यात लोटली की हसायलाच लागायचा पोर.

त्यानेच बोटीवर जीपीएसचं मशीन बसवलं. गिरगाव-लालबागची हौशी माणसं रविवारी रॉड घेऊन गळ टाकायला यायची, मयूर त्यांना न्यायचा, आणि जिथे मासा चांगला लागेल तिथे नकाशावर खूण करून ठेवायचा. खुणांना नावं पण काय एकेक, एकीला पप्पांची झोप, कारण तिथे हे गळ टाकून झोपले आणि रॉडच पाण्यात गेला. हे रागवायचे, आणि रागवता रागवता हसायचे.

मग त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसले तोवर आतून सगळं गेलं होतं. हॉस्पिटलात मला बोलला, आय, बोटीला रंग लावायचा राहिला गं. ते शेवटचं. थांबा जरा, पाणी पिते.

हां. तर हे परत समुद्रात जायला लागले ते माशांसाठी नाय, त्या मशीनसाठी. मयूर बोट न्यायचा ती वाट नकाशावर रेघेसारखी दिसते ना, तिच्यावरनंच चालवायचे. प्रिया बोलायची, पप्पा, नकाशा जुना झाला, किनाऱ्याजवळ रस्त्याच्या भरावाचे नवीन दगड पडलेत, नवीन नकाशा टाकून घ्या. हे मान हलवायचे, टाकायचे नाय. आणि एका सकाळी बोट दगडावर घासली, तळ फुटला, पाणी भरलं. बरोबर माझा दीर होता. दोघांना दुसऱ्या बोटीने उचलून आणलं. दिराची बायको त्याचे ओले केस पुसत होती आणि माझ्याकडे बघत होती.

बोट दुरुस्त झाली, मशीनवाला आला. तो बोलला, मशीन जुनं, जागा भरलीय, आतलं सगळं पुसल्याशिवाय नवीन नकाशा बसणार नाय. प्रिया बोलली, मयूरच्या खुणा आधी कार्डावर उतरवा. त्याने लई खटपट केली, मशीन कार्ड घेईना. मग तिने पडद्याचे फोटो काढले, पण फोटोवर बोट चालते का? हे मशीनवर हात ठेवून बसले. मला बोलले, "मंदा, तो अजून इथे आहे गं."

माझ्या पोटचा तो, मला नाय कळत? पण दुसरं प्रेत मी कुठे ठेवू? मी त्यांचा हात धरून बाजूला केला आणि मशीनवाल्याला बोलले, "टाक नवीन."

आता दगड आला की मशीन ओरडतं, हे बोट वळवतात. सुखरूप येतात, जेवतात, जाळं विणत बसतात. त्या दिवसावरनं मला एका शब्दाने बोलले नाय. बोलले असते तर बरं झालं असतं. जाऊ दे. सगळ्यांच्या बोटी किनाऱ्याला लागू देत, तुमचीही पोरंबाळं सुखी राहू देत. मी आता स्वतःसाठी काय मागू?