वहिनीचं उजवं वळण

...आणि वर सगळे म्हणतात, ही पोर काही बोलतच नाही! कशी बोलेल? तुम्हाला सांगते, अबोल मुलीचे हाल कुत्रा खात नाही. कुणीही यावं, आपलं गुपित तिच्या पोटात टाकावं आणि मोकळं व्हावं... मी काय पोस्टाची पेटी आहे?

आता बघा, लग्न ठरताना दादाने वहिनीला एकच विचारलं, सायकल येते का? कारण लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात त्याच्या ग्रुपची आठ दिवसांची सायकल सहल, आणि जायचं तर जोडीने. वहिनी म्हणाली, येते. का म्हणाली? तर म्हणे, तो इतक्या आशेने बघत होता की नाही म्हणवेना. मी दाराशी पाणी घेऊन उभी. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं, हिने सायकलची घंटीसुद्धा वाजवलेली नाही. पण मी आपली गप्प.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी वहिनी माझ्या खोलीत, दार लोटून. "वन्सं, मला शिकवा हो. नाहीतर हे एकटे जातील आणि मी खोटारडी म्हणून घरात बसेन."

झालं! रोज पहाटे फिरायला जातो सांगून आम्ही शाळेच्या मैदानावर. मधोमध पाण्याची टाकी, टाकीभोवती फेऱ्या. अठरा दिवस. तिचा गुडघा फुटला, कोपर सोललं, माझी ओढणी चाकात गेली ती गेलीच, पण शिकली हो, झकास शिकली! फक्त... अठरा दिवस टाकी कायम आमच्या डाव्या हाताला. शेवटी मी म्हटलं, आता उलट फिरू, तर हँडल उजवीकडे नेते न नेते तोच बाई थेट खांबावर. आणि दुसऱ्या दिवशी निघायचं! हे सांगू कुणाला? मी आपली गप्प.

सकाळी फाटकापुढे चौदा सायकली. ग्रुपचे पुढारी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, गळ्यात शिट्टी, आवाज वर्गातलाच. नियम एकच, कुणीही कुणाला सोडून जायचं नाही. आई दादाच्या पिशवीत पाचवा मोज्यांचा जोड कोंबतेय, मावशी वहिनीला बजावतेय की उतारावर डोळे मिटू नकोस... शिट्टी वाजली. हमरस्ता उजवीकडे. तेरा सायकली उजवीकडे, आणि वहिनी डावीकडे! दादाने मान वळवली आणि निघाला तिच्यामागे. नियम म्हणजे नियम, उरलेले बाराही डावीकडे.

आमच्या वस्तीला चौकोनी चक्कर आहे, डावीकडे वळत राहिलात की पुन्हा आमचंच फाटक. सात मिनिटांत वरात दारात हजर. वहिनी उजवीकडे वळायचा पुन्हा प्रयत्न करतेय, दात आवळून, आणि हँडल आपलं डावीकडेच. आईने पुन्हा हात हलवला. दुसऱ्या फेरीला म्हणाली, "अगं, हे मघाशीच गेले ना?"

तिसऱ्या फेरीला मला राहवेना. दादा एव्हाना सगळ्यांना पुढे सोडून मागे राहिला होता. त्याच्या बाजूने धावत धावत सगळं सांगून टाकलं, टाकी, खांब, अठरा दिवस.

"माहितीये गं," तो म्हणाला. "रोज मलमाची ट्यूब घेऊन भिंतीआड उभा असायचो. पण तिला सांगू नकोस हं, वाईट वाटेल तिला."

आणि चौथ्या फेरीला वहिनी फाटकाशी हळू होऊन माझ्या कानात, "त्यांना कळलं नाही ना?"

तुम्हीच सांगा, काय बोलणार? मी आपली गप्प.

मग दादाच पुढे होऊन सरांना म्हणाला, त्याला नदीकाठचा रस्ता बघायचाय, पुढच्या कोपऱ्यावरून सरळ जाऊ. बावीस किलोमीटर लांबचा, पण तिथून हमरस्त्याला लागेपर्यंत एकही उजवं वळण नाही. सर कुरकुरले आणि निघाले. वहिनी तर सगळ्यात पुढे, मानही वळवली नाही.

आई म्हणाली, "जवळचा रस्ता सोडून तिकडून का गेले गं?" मावशी, शेजारी, वहिनीचे आईवडील, सगळे माझ्याकडे बघतायत.

"तिकडे सावली आहे," मी म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडलं, आणि तेही थाप मारायला.