तात्या ढोकचौळ्यांचा दहावा

मंडळी, एक सांगा — माणूस जिवंत आहे, हे ठरवायचं कशावरून? नाडीवरून? श्वासावरून? अहो, कुठल्या जमान्यात आहात! आता ठरतं गावाच्या ग्रुपवरून!

ऐका. हिंगणमाळचे दगडूतात्या ढोकचौळे. बाजारात भोवळ आली, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पुतण्या नंदकुमार — ग्रुपचा अ‍ॅडमिन! त्याला एकच धास्ती — श्रद्धांजली दुसऱ्या कुणी आधी टाकली तर? लगेच एआयकडून व्हिडिओ करून घेतला. ढगावर तात्या, गळ्यात हार, म्हणतायत, "सरू, तुझ्या हातची चव स्वर्गातसुद्धा नाही गं!" गाव रडलं! जो तो पुढं पाठवतोय!

आणि दुपारी तात्या घरी — सलाईन घेऊन, चालत! "आरं, मी जिता हाय!"

नंदकुमार म्हणाला, "तात्या, चारशे जणांनी हात जोडलेत. आता माघार घेतली तर ग्रुपची अब्रू काय राहील?"

हसू नका! बायको सरूबाई तरी ओळखेल ना? ती दिवसातून वीस वेळा मोबाईलवर तो व्हिडिओ लावायची. "चाळीस वर्षांत असं गोड बोलले नव्हते हो!" आणि दारातल्या तात्यांना विचारायची, "तुम्ही कोण, पाव्हणं?"

दहावा आला. नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना! नंदकुमारनं मोबाईल पुढं धरला — एआयचे तात्या आता उत्तरंही द्यायचे! — "तात्या, काय इच्छा राहिली?" मोबाईल म्हणतो, "मी तृप्त आहे."

आणि खरे तात्या? दहा दिवस पोटात धड अन्न नाही — मेलेल्याला कोण वाढणार? उठले, पिंड उचलला, घास घेतला — आणि ओरडले, "सरे, भाताला मीठ न्हाई!"

सरूबाई ताडकन उठली. "अगं बया! हेच माझे मालक! चाळीस वर्षं हीच कटकट ऐकतेय!" मोबाईल दिला नदीत भिरकावून, आणि ढसाढसा रडली. "दहा दिवस उपाशी ठेवलं हो मी तुम्हाला!"

तुम्ही म्हणाल, महाराज, तुम्हाला हे कसं ठाऊक? अहो, त्या दहाव्याचं कीर्तन माझंच होतं! तात्या पहिल्या रांगेतून सांगत होते, "महाराज, मी हाय!" — आणि मीच दटावलं, "मधे बोलू नका, मृतात्म्याला शांती लाभू द्या!" लाज वाटते सांगायला.

तो व्हिडिओ पुढं पाठवणारे या मंडपात किती? करा हात वर! हा बघा, माझाही वर आहे. आता तोच हात शेजारच्याच्या खांद्यावर ठेवा आणि विचारा, "बाबा, बरा आहेस ना?" त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. देवाचं नाव त्यानंतर घेऊ.