हलक्या पत्र्याची गाडी

नाही चिकटणार. कितीदाही लावा, नाही चिकटणार – बॉनेटला नाही, चारही दारांना नाही, डिकीलाही नाही. छपराला लावून बघा, तिथे चिकटेल. बघा, चिकटलं. आणि आता तुमच्या कपाळावर आठी पडली, कारण तुम्हाला वाटलं पुट्टी. वाटणारच हो, तुमची काही चूक नाही – जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवायचं हे आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात, चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर खाली पुट्टीचा थर, म्हणजे गाडी कुठेतरी आपटलेली, म्हणजे भाव निम्म्यावर. मीही तेच शिकलो, आणि मग चारजणांना तेच शिकवलं. पण ही पुट्टी नाही, अ‍ॅल्युमिनियम आहे. कारखान्यातूनच तशी आली. बाहेरून बघाल तर मुलांना शाळेत सोडणारी साधी चार दारांची गाडी, पण शर्यतीसाठी म्हणून त्यांनी थोड्याच गाड्या हलक्या करून काढल्या होत्या – दारं, बॉनेट, डिकी अ‍ॅल्युमिनियमची, बाकी सगळं नेहमीचं. दार उघडा. एका बोटाने उघडा. आता बोटाच्या पेराने वाजवा. पुट्टी असती तर भिंतीवर वाजवल्यासारखं बद्द वाजलं असतं. ऐकलंत ना? इतकं सोपं आहे ते, लहान पोरालाही कळेल.

किंमत फोनवर सांगितली तीच. घासाघीस मी करत नाही, आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात कुणालाही विचारा – म्हणजे विचारू नका, उगाच कशाला, तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुमचा-माझा व्यवहार आहे. फाइल हवी? ती बघा बाकावर, पान्यांच्या डब्याशेजारी. घ्या, निवांत बसून बघा, स्टूल पुसलेलं आहे. ते बारीक अक्षर आधीच्या मालकाचं. तेल कधी बदललं, प्लग कधी साफ केले, कुठल्या चढावर गरम झाली, तीस वर्षांचं सगळं लिहिलेलं आहे. अहो, ते नाते­वाईकच आमचे. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. नकाशे काढायच्या कचेरीत होते, म्हणून ते अक्षर तसं. मी सोळा वर्षांचा असताना कार्बोरेटर काय असतो ते त्यांनी मला याच गाडीवर दाखवलं, ताई आतून जेवायला हाका मारतेय आणि आम्ही दोघं कोपरापर्यंत काळे. मला जे काही येतं ते त्यांच्यामुळे. आणि ते सगळ्यांना सांगायचे, ही हलक्या पत्र्याची आहे बरं का, अशा फार नाहीत. तीस वर्षं सांगत होते. पाहुणा आला की आधी गाडी, मग चहा.

तो कागद राहू द्या. जुना आहे, त्याचा काही संबंध नाही – वाचलात. बरं. वाचलात तर वाचलात. 'बॉनेट व दारे पुट्टीने भरलेली. मूळ अवस्थेत नाही. स्पर्धेतून बाद.' हो, सही माझीच आहे, तुम्ही दोन्हीकडे बघू नका, गाडी खरेदीच्या पावतीवरची आणि ही एकच आहे. मंडळाचा मेळावा होता, मूळ अवस्थेतल्या गाड्या तपासायला मी होतो. आता तुम्हाला काय सांगू. महिनाभर दाजी गाडी पुसत होते, इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभे होते, ताईला पण आणलं होतं. आणि सगळ्यांना ठाऊक, हा याचा मेहुणा. सकाळपासून लोक मला कोपरखळ्या मारतायत, काय, घरचाच नंबर वाटतं पहिला. ते डोक्यात बसलं माझ्या. इतरांच्या गाड्या मी वाकून बघितल्या, खाली झोपून बघितल्या, वाजवून बघितल्या. दाजींच्या गाडीला नुसतं चुंबक लावलं, ते पडलं, संपलं. दाजी म्हणाले, अरे, वाजवून तर बघ. हे शब्द, अरे, वाजवून तर बघ. आणि मी – चाळीस माणसं उभी होती हो – मी मोठ्याने म्हणालो, दाजी, तीस वर्षं तुम्ही पुट्टी पुसत होतात. लोक हसले. दाजीही हसले, तेच मला सहन होत नाही, तेही हसले, मान खाली घालून, आणि ताईला म्हणाले, चल, ऊन वाढतंय.

मला कळायला हवं होतं. त्या हलक्या गाड्यांबद्दल मी वाचलेलं होतं, ऐकलेलं तर त्यांच्याच तोंडून. पण मला नि:पक्षपाती दिसायचं होतं. दिसलो. त्या दिवसापासून माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली, स्वतःच्या दाजींनाही सोडलं नाही म्हणून लोक लांबलांबून मला गाड्या दाखवायला येऊ लागले. दीड महिन्याने दाजींचा निरोप आला, तूच घेऊन जा, तुला सुटे भाग तरी होतील. भंगाराच्या भावात दिली. तेही पैसे मी मोजून दिले, उपकार केल्यासारखे. मग एके दिवशी या मागच्या दाराची बिजागरी घासली होती म्हणून दार काढायला घेतलं. दार जड असतं म्हणून शेजारच्या शिंप्याला हाक मारली, जरा धरायला ये. तो येईपर्यंत शेवटचा स्क्रू सुटला आणि दार माझ्या एका हातात. एका हातात, साहेब. आतल्या कडेला कानस मारली तर पांढरा धातू. शिंपी आला, म्हणाला, काय झालं, घाम का फुटला. मी म्हणालो, काही नाही, जा तू.

तीन वर्षं झाली त्याला. नाही सांगितलं. सांगणार होतो, खरंच, त्याच रविवारी गेलो होतो सांगायला. ताईने दारातच गाठलं, म्हणाली, गाडीचा विषय काढू नकोस, कसेबसे सावरलेत. मला तेवढं निमित्त पुरलं. जेवलो, हात धुतले, आलो. खरं कारण ते नव्हतंच. एकदा कबूल केलं की मी चुकलो, मग माझ्या शब्दावर विकल्या गेलेल्या बाकीच्या गाड्यांचं काय, लोक परत येतील, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून गप्प. आणि म्हणूनच तुम्हाला बोलावलं, आता लपवून काय करायचं – तुम्ही लांबचे, आमच्या मंडळातले नाही, गाडी तिकडे गेली की इथे कुणी वाजवून बघणार नाही. मला ती समोर नको आहे. रोज सकाळी शटर वर केलं की आधी तीच दिसते, आणि मला लाज वाटते, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आणि दाजींनी काय केलं माहीत आहे? मेळाव्यानंतर त्यांनी मंडळातल्या एकेकाला फोन करून माफी मागितली. तीस वर्षं मी तुम्हाला खोटं सांगत आलो, मला ठाऊक नव्हतं, पण खोटं ते खोटंच, असं म्हणाले. यादी करून, रोज पाच फोन. शेवटचा मला. म्हणाले, तू नातं बघितलं नाहीस, मला तुझा अभिमान वाटतो. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, असू द्या दाजी.

तुम्ही काय करताय? कुणाला लावताय? फाइलवरचा नंबर – नाही नाही, त्यांना कशाला, मी सांगतोय ना अ‍ॅल्युमिनियम आहे. आधीच्या मालकाकडून खात्री, ते ठीक आहे, तुमचा हक्क आहे, पण ते तुम्हाला पुट्टीच सांगतील हो, शपथेवर सांगतील, माझ्या मेहुण्याने तपासली आहे म्हणतील. ठेवा तो फोन. वाजतोय? इकडे द्या. द्या म्हणतो ना.

हॅलो. दाजी, मी. हो, दुसऱ्याच्या फोनवरून. नाही, ठीक आहे सगळं. ताई? बरं, बरं. हो, आलेत बघायला, इथेच आहेत. आवडली, हो. दाजी, ऐका ना, मला तुम्हाला – काय? हो. हो, ते सांगितलं त्यांना. पुट्टीचं पण सांगितलं. नाही दाजी, काहीएक लपवलं नाही. तुम्ही शिकवलंत तसंच. हो. येतो रविवारी.

घ्या तुमचा फोन. असं बघू नका माझ्याकडे. गाडी विकायची नाही मला, निघा तुम्ही. निघा म्हणतो ना.