रविवारी चार ते पाच

नाही नाही, खुर्ची नको मला, मी उभाच बोलतो, बसलो की रागही खाली बसतो आणि आज मला तो बसू द्यायचा नाहीये! आत्ता मुख्याध्यापिका बाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? 'आपल्या शाळेतून बाहेरगावी कॉलेजला गेलेल्या मुलीचे वडील, अनुभवी पालक, तुम्हाला कॉलेजजीवनाच्या पूर्वतयारीबद्दल दोन शब्द सांगतील.' आणि मग माइकवर हात ठेवून, हळूच, मला एकट्याला, 'पाच मिनिटं हं, आणि जरा सकारात्मक बोला.' सकारात्मक! अहो बाई, गेल्या वर्षी याच हॉलमध्ये, याच माइकवरून, एक माणूस सकारात्मक बोलून गेला आणि माझ्या घराची पार वाट लागली, त्याचं काय?

तुम्हाला सांगतो मुलांनो, कोट घालून आला होता म्हणे तो. एवढ्या उकाड्यात कोट! तिथंच ओळखायला हवं होतं. 'मित्रांनो, उद्याची वाट बघू नका! आजपासूनच कॉलेजात गेल्यासारखं राहायला लागा! घर सोडण्याआधी घर सोडायची सवय करा!' टाळ्या! पोरांच्या टाळ्या, पालकांच्या टाळ्या... तो चहा पिऊन गेला पुढच्या शाळेत, त्याचं काय जातंय? आणि पालक म्हणून त्या दिवशी मी आलोच नव्हतो, मला कामातून डोकं वर काढता येत नव्हतं. मी कवळ्या बनवतो. हसताय काय? दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा तेवढा घेतात, पुढचं सगळं माझ्याकडे येतं, तुमच्यातल्या अर्ध्यांचे आजी-आजोबा माझ्या हातच्या दातांनी जेवतात! तर माझ्याऐवजी आली माझी थोरली बहीण. ताई. घात झाला तो तिथं.

ताईची ओळख करून द्यायला हवी. ताई तीस वर्षं महिला तुरुंगात होती. नोकरीला हो, नोकरीला! पहारेकरी. आता रिटायर झालीय, पण चालते अजून तशीच, किल्ल्यांचा जुडगा कमरेला नाही एवढंच, आवाज मात्र येतो मला. आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी आजवर कुणी चढलेलं नव्हतं, मुलगी पहिलीच. हॉस्टेल म्हणजे काय, आम्ही कुणी बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. ताईनं मुलीला विचारलं, 'बबडे, काय असतं गं तिथं?' ही म्हणाली, 'मोठी इमारत असते आत्या, सगळ्या मुलीच, एकेका खोलीत दोघी-तिघी, गेट असतं, जेवायची वेळ ठरलेली, भेटायची वेळ ठरलेली.' ताईचा चेहरा असा उजळला म्हणता! म्हणाली, 'एवढंच ना? हे सगळं मला येतं.'

झालं! दुसऱ्या दिवशी दुकानातून घरी येतो तर जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी, सगळी अडगळ माझ्या पलंगावर, आणि खोलीत दोन खाटा. मी म्हटलं, 'ताई, हे काय?' 'हॉस्टेल.' 'अगं पण तिची खोली आहे की वर!' 'वर तिच्या सवयी आहेत. महिनाभर इथं राहील, म्हणजे तिथं गेल्यावर रडायची नाही.' महिनाभर! पोरगी जायला उरलेला तो सगळा महिना बरं का, तेवढाच होता माझ्याकडे, आणि तो हिनं जिन्याखाली कोंडला. का? तर म्हणे, तयारी!

आणि रूममेट कोण? अंदाज करा. माझे वडील! अण्णा! वयाची ऐंशी उलटलेले! ताई म्हणाली, 'तिथं कोण वाट्याला येईल सांगता येतं का? निवड आपल्या हातात नसते.' बरं, म्हाताऱ्या माणसानं नावापुरतं पडून राहावं की नाही? छे! अण्णा शिरले अंगात आल्यासारखे भूमिकेत! तिचं पेन घ्यायचे, परत द्यायचे नाहीत. तिचा टॉवेल ओला करायचे. ती अभ्यासाला बसली की रेडिओ लावायचे, आणि ती काही बोलली की वॉर्डनकडे, म्हणजे ताईकडे, तक्रार, 'ही मला अॅडजस्ट करत नाही.' अॅडजस्ट! हा शब्द अण्णांनी जन्मात कधी उच्चारला नव्हता हो, माझ्या आईबरोबर पन्नास वर्षं राहिले तेव्हा तरी कुठं ऐकला होता!

बायको शहाणी, ती हे मोडून काढेल, असं मला वाटलं. तिला मेस दिली! मेसचं जेवण वाईट असतं म्हणून ताईनं हुकूम सोडला, वाईट रांधायचं. आता जिच्या हातचं कुणी कधी पानात टाकलं नाही त्या बाईनं भाजी मुद्दाम पाण्यात बुडवायची, भात मुद्दाम चिकट करायचा... डोळ्यांत पाणी यायचं तिच्या. एकदा बबडी चुकून म्हणाली, 'आई, आज बरं झालंय,' तर ताई ओरडली, 'मीठ कमी केलं नाहीस का?' आणि ते जेवण मला का? मी कुठं चाललोय? माझं काय कॉलेज आहे? पण दोन-दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून महिनाभर मीही तेच गिळलं. दुसऱ्यांना चावायची सोय करून देणारा माणूस, आणि माझ्याच ताटात चावण्यासारखं काही नाही! का? तर म्हणे, तयारी!

हेही सोसलं असतं मी. खरंच सांगतो. पण एक गोष्ट त्यांनी घ्यायला नको होती.

संध्याकाळी काम आटपत आलं की बबडी दुकानात यायची. लहान होती तेव्हापासून. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची, मी पॉलिश करत असायचो, आणि आमचा खेळ चालायचा, जबड्याचा साचा बघून माणूस ओळखायचा. 'बाबा, या आजी भांडखोर आहेत, हनुवटी बघा!' 'बाबा, हे आजोबा गुपचूप गोड खातात.' आणि या सगळ्याच्या मध्येमध्ये आपोआप दिवस सांगून व्हायचा तिचा, कोण कुणाशी बोलत नाही, कुठला पेपर अवघड गेला, कशाची भीती वाटतेय. मी तिच्याकडे बघायचो नाही, ती माझ्याकडे बघायची नाही, हात चालू, तोंड चालू. आम्हा दोघांना समोरासमोर बसवाल तर एक वाक्य सुचायचं नाही, पण त्या स्टुलावर... असो. ताईला कळलं. म्हणाली, 'तिथं बापाचं दुकान असणार आहे का शेजारी? हेही आत्ताच सोडवायला हवं.' आणि मला म्हणाली, 'तू पालक. पालकांना भेट रविवारी चार ते पाच.'

माझ्या घरात! माझ्या पोरीला! चार ते पाच!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, 'ताई, ही माझी मुलगी आहे, हे माझं घर आहे, तो जिना माझ्या पैशाचा आहे!' ती म्हणाली, 'हे तिथल्या गेटवरच्या माणसाला सांगशील? ऐकेल तो?' आता हा काय न्याय झाला? तुम्ही सांगा! बायकोकडे बघितलं तर ती भाजीत पाणी ओतत होती.

गेलो पहिल्या रविवारी. बायकोनं शर्टाला इस्त्री करून दिली, म्हणाली, 'बाहेरच्यासारखं नीट जा.' जिन्याखाली दोन खुर्च्या, समोरासमोर. ताईनं माझे खिसे तपासले. खिशात एका नव्या गिऱ्हाइकाचा साचा होता, बबडीला दाखवायला नेलेला, असा नामी जबडा रोज रोज येत नाही हो! 'हे काय?' 'जबडा.' 'कुणाचा?' 'गिऱ्हाइकाचा!' 'आत न्यायचा नाही.' जप्त! बसलो. 'जेवलीस का?' 'हो.' 'अभ्यास?' 'चाललाय.' मी भिंतीकडे बघतोय, ती माझ्या शर्टाकडे बघतेय, आणि पलीकडच्या खाटेवर रूममेट घोरतोय. पाच वाजले. 'वेळ संपली!' उठलो. पुढचा रविवार तसाच. त्याच्या पुढचाही तसाच. घरात चार पावलांवर पोरगी, आणि मला तिच्याशी बोलायला विषय सापडेना!

मग माझं डोकं फिरलं. शेवटचा रविवार तेवढा उरला होता, त्यानंतर ती जाणार. मी ठरवलं, नियम गेला खड्ड्यात, भर दुपारी, मधल्या वारी, मागच्या खिडकीतून जायचं. तसा जबडा पुन्हा एक आला होता, तो रुमालात बांधला, बादली पालथी घातली, चढलो. डोकं गेलं, खांदे गेले, पोट... पोट महिनाभर मेसचं खाऊनसुद्धा तेवढंच होतं. अडकलो! अर्धा आत, अर्धा बाहेर. बबडी आतून ओढतेय, हसतेय, 'बाबा, श्वास सोडा, श्वास सोडा!' आणि तेवढ्यात अण्णा जागे झाले. माझे जन्मदाते वडील! ज्यांनी मला बोट धरून चालायला शिकवलं, त्यांनी खिडकीत मला बघितलं आणि शिरा ताणून ओरडले, 'वॉर्डन! वॉर्डन! पुरुष!'

गल्ली जमली हो! मागून कुणीतरी माझे पाय धरले, तो इस्त्रीवाला होता, म्हणाला, 'शेठ, तुम्ही?' ताई आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं रुमाल सोडला, जबडा बघितला, पुन्हा बांधला आणि म्हणाली, 'पुढची भेट रद्द.'

शेवटची भेट! रद्द! आणि मी, बेचाळीस दुकानांच्या बाजारात ज्याचा शब्द चालतो तो माणूस, दातखीळ बसली माझी, माझी! त्या रविवारी चार ते पाच मी दुकानात बसलो, ते रिकामं स्टूल बघत. का? तर म्हणे, तयारी!

मग गेलो सगळे तिला पोचवायला. बसमध्येसुद्धा ताई मध्ये बसली. पोचलो. मोठी इमारत, गेट... गेट सताड उघडं! आत एक पोरसवदा बाई, पायात साध्या चपला, शेंगदाणे खातेय. ती वॉर्डन! ताई पुढं झाली, एकदम ताठ, 'भेटीची वेळ काय?' ती म्हणाली, 'वेळ कसली काकू? खाली बाकं आहेत, दिवसभरात केव्हाही या, बसा.' 'खिसे?' 'खिसे काय?' 'मेस?' तर आतून असा वास येत होता जेवणाचा की अण्णा विचारायला लागले, इथं आजोबांना ठेवून घेतात का!

आता मला ओरडायचं होतं. महिनाभर साठवलेलं, एक-एक वाक्य पाठ करून आणलेलं! मी वळलो ताईकडे, तोंड उघडलं... तर ताई तिथल्या पायरीवर बसलेली, आणि रडतेय. तीस वर्षांत जी बाई कुणासमोर रडली नाही ती! म्हणाली, 'अरे, मग मी पोरीला महिनाभर कशाला रे छळलं? मला वाटलं, आत घेताना सगळीकडं असंच घेतात.' आता हिच्यावर कसा ओरडू मी? सांगा ना! महिनाभर माझी पोरगी घेतली, माझा पलंग घेतला, जेवण घेतलं, आणि शेवटी रागसुद्धा काढून घेतला! उलट मीच तिला पाणी आणून दिलं. आणि या सगळ्यात बबडीशी बोलायचं राहूनच गेलं. बस सुटायला आली. ती म्हणाली, 'बाबा...' मी म्हटलं, 'जेवत जा.' बस! एवढंच! वर्षानुवर्षं जबडे बघणाऱ्या माणसाला स्वतःचा जबडा हलवता आला नाही!

तेव्हा मुलांनो, सल्ला पाहिजे ना तुम्हाला? घ्या सल्ला. कोटवाला कुणी आला की टाळ्या वाजवा आणि घरी जाऊन काही सांगू नका! कॉलेज तुम्हाला कॉलेजात कळेल. हे उरलेत ना दिवस, ते ज्या कुठल्या स्टुलावर बसून तुम्ही बडबड करता, तिथंच बसून घालवा. त्या स्टुलाशेजारच्या माणसाची तयारी कुणी करून घेत नाही, कळलं का?

हो बाई, हो, बघितलं मी घड्याळ, पाच मिनिटं कधीच झाली. निघतोच आहे. आज रविवार ना. ती फोन करते, चारला. मी म्हटलं होतं, केव्हाही कर गं, तुला कोण अडवतंय! तर म्हणाली, 'नको बाबा, तीच वेळ बरी वाटते, तुम्ही त्या वेळेला येणार अशी सवय झालीय.' आता तिच्या हॉस्टेलात नेट धड नाही, चेहरा दिसत नाही, नुसता आवाज येतो, म्हणजे मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघत नाही... मी साचा हातात घेऊन सांगतो कसा आहे जबडा, आणि ती तिथून ओळखते! बोलतो आम्ही. पाचच्या ठोक्याला ताई दारात येऊन म्हणते, 'वेळ संपली,' आणि मी ठेवतो. मुकाट्यानं ठेवतो.

तेव्हा सरका जरा, वाट द्या, मला आधी घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालायचाय. फोनवर शर्ट दिसत नाही, मला कळतं! हसू नका! पण काय करता... तयारी!