एकादशीचा रामजन्म

कुशाबाई : अवो, फेट्याचं टोक राहू द्या तसंच. फोन वाजतोय. उत्कर्षाचा हाय.

महिपती : आत्ता कशाला? कीर्तन साडेतीनला. आत्ताशी अडीच वाजलेत. म्हणावं, आबा गंध लावतायत.

कुशाबाई : तुमीच म्हणा. माझे हात सुंठवड्यात हायती. ते हिरवं बटन दाबा आन् फोन स्टँडाला टेकवा. उलटा न्हाय. हां.

उत्कर्षा : आबा, कुठं आहात? इथं दीडशे माणूस बसलंय, आणि मोठ्या पडद्यावर आपल्या ओट्यावरचं पातेलं दिसतंय.

महिपती : बसलेत? इतक्या लवकर? बाळ, तुझ्याकडं अजून धा वाजतायत.

उत्कर्षा : अकरा वाजलेत आबा. बरोब्बर अकरा.

महिपती : कसे वाजतील? तुझं घड्याळ माझ्या समोर हाय. धाला एक मिनिट कमीच हाय म्हण.

उत्कर्षा : माझं कुठलं घड्याळ?

कुशाबाई : अगं, आपल्या पखवाजवाल्या गोकुळनं न्हाय का बारामतीहून आणलं दत्तजयंतीला. आपल्या घड्याळाशेजारी टांगलंय. तुझ्या गावची वेळ लावून दिली त्यानं, खाली तुझं नाव चिटकवलंय. तुझी झोपमोड नको म्हणून मी ते बघितल्याबिगर फोन करत न्हाय.

उत्कर्षा : आई गं. आज पहाटे इथली सगळी घड्याळं एक तास पुढं गेली.

महिपती : सगळी मिळून बिघडली?

उत्कर्षा : बिघडली नाहीत, केली. वसंत सुरू झाला की इकडं सगळा देश घड्याळ एक तास पुढं घेतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी. फोनवरची आपोआप होतात. मला वाटलं तुम्हाला... छे, मला वाटलंच नाही काही. माझ्या डोक्यातच आलं नाही.

कुशाबाई : सगळा देश? आन् कशापायी?

उत्कर्षा : संध्याकाळी उजेड जास्त मिळतो म्हणून.

कुशाबाई : उजेड काय घड्याळात असतो व्हय?

महिपती : तू थांब गं जरा. उत्कर्षा, मला नीट सांग. जन्म तुझ्या बाराला करायचा ठरला. मी तुझ्या घड्याळावरनं धरलं, तुझे बारा म्हंजे आपले साडेचार. आता?

उत्कर्षा : आता साडेतीन. अजून एका तासात.

महिपती : जन्माआधी तासाभराचं कीर्तन मांडलंय मी. आख्यान बसवलंय. तयारीचा तास घड्याळानं खाल्ला, आन् कीर्तनाच्या तासातली पाच मिनिटं तर बोलण्यातच गेली.

उत्कर्षा : आणि साडेबाराला हॉल सोडायचा आहे. इथल्या म्हाताऱ्यांचं नाच मंडळ येतं दर रविवारी. ते मिनिटभर थांबत नाहीत.

महिपती : मला आता काईच उमजंना झालंय बघ. गुरुवारी मध्यान्हीला नवमी लागली, शुक्रवारी सकाळी उलटली. आपल्या निमगाव केतकीच्या देवळात दुपारी बाराला मी जन्म केला. दोन्ही डोळ्यांनी पाळणा हललेला बघितला. आज एकादशी. एकादशीला पुन्यांदा जन्म करायचा, तेच मनाला पटत नव्हतं. तुझ्या शब्दाखातर व्हय म्हणालो. आता बारा बी दोन झाले. रामानं यायचं तरी कुठल्या बाराला?

उत्कर्षा : आबा, गुरुवारी इथं कुणाला सुट्टी नव्हती. रविवारशिवाय माणसं जमत नाहीत. म्हणून इथल्या मराठी मंडळानं होळी, पाडवा, नवमी, हळदीकुंकू सगळं आजच ठेवलं. वसंतमेळा म्हणतात.

कुशाबाई : बोंब, गुढी, पाळणा आन् आंब्याची डाळ, सगळं एका दिशी? त्यांच्या पोटाला तरी कळतं का कुठला सण चाललाय?

उत्कर्षा : आई, कैऱ्या मिळायला तीन दुकानं फिरले मी. चेष्टा करू नकोस.

कुशाबाई : चेष्टा न्हाय गं. मी धाडलेलं टोपडं बसलं का नारळाला?

उत्कर्षा : बसलं. माझ्या छकुलीनं नारळाला पेनानं डोळे काढलेत. पाळण्याची दोरी धरून ती कधीची उभी आहे. खाली बस म्हटलं तर बसत नाही. आबांनी सांगितल्याशिवाय दोरी ओढणार नाही म्हणते, आणि आबांनी सांगितलं त्या वेळी हातात दोरी नसली तर?

महिपती : सात वर्षांचं लेकरू.

उत्कर्षा : आबा, एक सांगू? मंडळात वृषाली म्हणाली होती, कीर्तन कोण ऐकणार, तेवढ्या वेळात मुलांचे नाच बसवू. मी तिच्याशी भांडून हा तास मागून घेतला. म्हटलं, माझे आबा उभे राहिले की तुम्हीच उठणार नाही. अकरा वर्षांपूर्वी मला एसटीत बसवताना तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?

महिपती : न्हाय बा.

कुशाबाई : मला आठवतं. खिडकीपाशी उभं राहून म्हणाले, तितं गेल्यावर राम कवा जन्मला ते बी विसरशील.

उत्कर्षा : विसरले नाही, एवढंच दाखवायचं होतं. आणि वेळ चुकली ती माझ्यामुळंच.

महिपती : तसं कुठं म्हणालो मी आज. पण बाळ, माझी खरीच पंचाईत झालीय. गोकुळ न्हाय. लोणी देवकरच्या कंपनीतनं सुटून तो सव्वातीनला यायचा हाय. पखवाजाबिगर मी चाळीस वर्षांत उभा राह्यलो न्हाय.

कुशाबाई : मी टाळ धरते.

महिपती : तू?

कुशाबाई : चाळीस वर्सं तुमच्या म्होरं बसून ऐकलंय. कुठं थांबता आन् कुठं खाकरता, सगळं ठाव हाय मला. हात पुसते तेवढा.

महिपती : बरं, टाळाचं झालं. पण सूर्याचं काय? मी आख्यानात म्हणतो, सूर्य माथ्यावर आला, सावली पायाशी गोळा झाली, आन् त्या घटकेला देव आला. त्या लोकांनी घड्याळ पुढं केलं म्हणून सूर्य थोडाच पुढं सरकतो? खोटं म्हणायचं का मी देवाम्होरं? उत्कर्षा, त्या पोरीला अंगणात धाड. सावली कुठं पडतीय ते बघू दे.

उत्कर्षा : आबा, वेळ जातोय.

महिपती : जाऊ दे. धाड तिला. दोरी तू धर तवर.

छकुली : आबा, मी भायेर आले. ऊन हाय. पण गार हाय.

महिपती : शाणी माझी बाय. सावली बघ. पायाशी हाय का?

छकुली : न्हाय. लांब हाय. माझ्याहून लांब.

महिपती : बारा वाजले म्हंजे येती का पायाशी?

छकुली : न्हाय आबा. हितं कवाच येत न्हाय. शाळेत आमी खडूनं काढली हुती सावली. उन्हाळ्यात बी थोडी उरतीच.

उत्कर्षा : इथल्या मराठी वर्गातल्या बाई म्हणतात, हिचं हाय-न्हाय सुधारा. मी म्हणते राहू दे, आजोबांचं आहे ते.

महिपती : ऐकलंस का कुशे? तितं सूर्य माथ्यावर येतच न्हाय म्हणे. घड्याळाचे बारा खरे न्हाईत, सूर्याचे बारा पुरे न्हाईत, तिथी उलटून दोन दिवस झाले. मग मी जन्म कशाच्या आधारावर करू? कायतरी धरायला पायजे ना माणसाला.

कुशाबाई : तुमची उत्कर्षा जन्मली तवा किती वाजले हुते?

महिपती : मला काय म्हाईत? मी बाहेरगावी कीर्तनाला हुतो.

कुशाबाई : मला बी म्हाईत न्हाय. लाईट गेलेली. घड्याळ समोरच हुतं, पण बघायला कोण मोकळं हुतं? सुईण म्हणाली आली, तवा आली. पत्रिकेत जी वेळ हाय ना तिची, ती तुमच्या आईनं मागनं अंदाजानं सांगितलेली.

महिपती : अंदाजानं? त्याच पत्रिकेवर लग्न जमवलं आपण तिचं.

कुशाबाई : जमलं न्हवं? मग उभं राहा आता.

उत्कर्षा : आबा, अकरा वाजून दहा मिनिटं. काय सांगू लोकांना?

महिपती : सांग, आबा उभे राह्यले. फुलं दे सगळ्यांच्या हातात. गुलाल हाय का?

उत्कर्षा : गुलालाला हॉलवाले परवानगी देत नाहीत. गालिचा आहे. पाकळ्या आणल्यात.

महिपती : पाकळ्या बऱ्या. कुशे, टाळ वाजव. सावकाश. लगीन लागल्यावानी न्हाय.

[कीर्तन सुरू होते. आख्यान आखडते घेत महिपतीमहाराज तीन वाजून वीस मिनिटांनी निरूपणाच्या शेवटाकडे येतात. गोकुळ अजून पोहोचलेला नाही, पण कुशाबाईंचा टाळ एकदाही चुकलेला नाही.]

महिपती : ...तर मायबाप हो, एवढ्या लांब बसून तुमी ऐकताय, म्हणून आमच्याकडचा एक दृष्टांत देतो आन् जन्माला येतो. आमच्या इंदापूर तालुक्यात पळसदेव म्हणून गाव हाय. उजनीचं धरण झालं, पाणी चढलं, तितलं जुनं देऊळ पाण्यात गेलं. वरनं होड्या जात्यात, कोळी जाळी टाकत्यात. नवख्या माणसाला वाटावं, हितं नुसतं पाणीच हाय. पण धरण उतरलं, की आधी कळस दिसतो, मग शिखर, मग एक दिवस आख्खं देऊळ उघडं पडतं. गाळ असतो, शेवाळ असतं. लोक गाळ तुडवत जात्यात आन् हात जोडत्यात. आता मला सांगा, पाणी हुतं तवा देव कुठं गेला हुता? कुठंच न्हाय. हुता तितंच हुता. तुमी बी लई पाण्यापलीकडं जाऊन बसलाय. कुणाची तिथी बुडली, कुणाची वेळ बुडली. मी सकाळपासनं ह्याच काळजीत हुतो. पण आज तुमी पाळण्याभवती उभं राह्यलात, आन् मला हितनं कळस दिसतोय. उठा आता. आयाबाया म्होरं या. छकुले, दोरी नीट धर. मी म्हणेन तवाच...

कुशाबाई : अवो. थांबा.

महिपती : टाळ का थांबवलास?

कुशाबाई : पोरीचे डोळे हलंना झालेत. उत्कर्षाचं तोंड उघडं ते उघडंच. सगळी माणसं मूर्तीवानी.

महिपती : रेंज गेली?

कुशाबाई : मधी ती चकली फिरतीय गोल. काय दाबू? हे लाल?

महिपती : कशाला बी हात लावू नगंस. किती वाजले?

कुशाबाई : आपल्या साडेतीनला दोन मिनिटं कमी हायती. तिचं भिंतीवरचं अजून म्हणतंय अकराला दोन कमी. तुमी म्हणा की जन्माचं. मी हाय ऐकायला.

महिपती : तुला ऐकवून काय करू? पोरगी तितं दोरी धरून उभी हाय. मी हितं म्हणालो आन् तिच्या कानावर गेलंच न्हाय, तर पाळणा हलायचा न्हाय. आन् न म्हणावं तर घटका टळती. आता तूच सांग, जन्म झाला धरायचा का न्हाय?

कुशाबाई : मला नगा विचारू. मी टाळ धरायला आलीय.

महिपती : परत लाव फोन.

कुशाबाई : लावतीय. लागंना.

महिपती : वाजले का गं?

कुशाबाई : वाजून चार मिनिटं झाली.

महिपती : चाळीस वर्षांत हातातली फुलं हातात राह्यली न्हाईत कधी. आन् आज पोरीनं भांडून तास मिळवला, तर... तिला लोक काय म्हणत असतील गं?

कुशाबाई : खाली बसा जरा. पाणी देऊ? एकादशी हाय, पाण्याला काय हुत न्हाय.

महिपती : पाणी नगं. तू फोन लावत राहा.

कुशाबाई : थांबा. वाजतोय. हिरवं दाबा. न्हाय, माझी मीच दाबते.

उत्कर्षा : आबा. आबा, दिसतोय का आम्ही?

महिपती : दिसताय. बाळ, मला माफ कर. मी म्हणालोच न्हाय. शब्द तोंडात राह्यला.

उत्कर्षा : आबा, झालं.

महिपती : काय झालं?

उत्कर्षा : जन्म झाला. तुम्ही पडद्यावर हात वर करून थिजलात. वृषाली माझ्याकडं बघतेय, मी घड्याळाकडं. इतक्यात ही मागं उभी राहून बोलायला लागली. सांग गं तूच.

छकुली : आबा, तुमचा हात वर हुता, पण हलत नव्हता. मी लई वाट बघितली. मग मला वाटलं, बाळ किती वेळ थांबंल? म्हणून तुमी फोनवर मला रोज जन्माचं म्हणून दावता, तेच म्हणाले. आन् ओढली दोरी.

महिपती : सगळं म्हणालीस?

छकुली : मधलं थोडं इसरले. तितं नुसतं राम राम म्हणाले.

कुशाबाई : तितं ह्यांना बी दोनदा अडकायला झालंय गुरुवारी. बोलायला कुणाची छाती न्हाय म्हणून, न्हायतर.

उत्कर्षा : मग सगळ्या बायका पाळणा म्हणायला लागल्या. वृषालीला तर आख्खा पाठ निघाला, रडत होती म्हणताना. आणि आबा, ती नाच मंडळाची म्हातारी माणसं लवकरच आलेली, दारात उभी होती. टोप्या काढून. एका आजींनी विचारलं, बाळ कुणाचं आहे?

कुशाबाई : मग? काय सांगितलं?

छकुली : मी म्हणाले, आमचंच हाय. मग त्यांनी बी एकदा दोरी ओढली. सुंठवडा त्यांना तिखट लागला.

महिपती : कुशे, ती फुलं दे हिकडं. न्हाय, फोनावर नगं टाकूस, पाण्यानं बिघडंल. देवावर टाक. छकुले, एवढं एकच सांग मला. तू दोरी ओढलीस, तवा बारा वाजले हुते का गं?

छकुली : काय म्हाईत आबा. मी बाळाकडं बघत हुते.