थंड इंजन खोटं बोलत नाई

तुम्ही इचारता न, मी अजून एसटीनंच काऊन फिरतो म्हणून? आयका मंग.

गडचिरोलीत एका रिटायर मास्तरची हॅचबॅक पाहाले गेलो. टॉप मॉडेल, कमी चाललेली. संग आपला रफीकभाऊ मिस्त्री. तो म्हणे, "सकाळीच जाऊ. थंड इंजन खोटं बोलत नाई."

सातलेच पोचलो. रफीकभाऊनं बोनेटवर हात ठेवला आन् भडकलाच. "मास्तर, पहिलेच गरम करून ठेवली न? खोट लपवून राह्यले काय?"

मास्तर हळूच म्हणाले, "नाई भाऊ. पोरगा रोज सहाले याच गाडीनं डूटीवर जाये. तो वारला, तवापासून मीच चालू करतो. आवाज आला का त्याची माय उठून चहा मांडते."

रफीकभाऊ वरमला. तरी त्यानं चाबी फिरवली. ना धूर, ना खडखड, पक्कं इंजन. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "बेटा, चहा पिऊन जाय!"

रफीकभाऊनं गाडी बंद केली.

मी इचारलं, "मंग विकता काऊन?"

"गाडी गेली त तरी समजन तिले, पोरगा नाई म्हणून."

आम्ही चहा पेलो. मंग रफीकभाऊनं मास्तरले सांगतलं, "इंजनात खोट आहे. कोणी घेनार नाई."